कस्टम्समध्ये अडकलेली गोधडी

ओमानमधल्या सूरमध्ये येऊन कुबराला बावीस वर्षं झाली होती. नवरा अलीमियाँ बंदराजवळ होड्यांचे दोर विकायचा आणि ती घरी बायकांचे कपडे शिवायची. गिऱ्हाईक बाईने दिलेलं कापड ती तिच्यादेखत दोनदा मापून घेई. पटकन कुणावर विश्वास टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं.

२०१४ साली गावी, रत्नागिरीकडे, तिची अम्मा वारली. कुबराला जाणं जमलं नाही. भावजय जोहरा फोनवर म्हणाली, "अम्माची गोधडी तुला पाठवतंय." मागोमाग पोस्टाच्या पावतीचा फोटो आला. कुबराने चष्मा लावून पाहिला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. वजन चार किलो तीनशे! अम्माची गोधडी तीन किलोच्या वर नव्हतीच. भाबीने दुसरीच कसलीतरी जाडजूड गोधडी बांधली असणार.

वरच्या मजल्यावरची नौशीन शाळेत शिकवायची. कुबरा रोज दुपारी तिच्याकडे जाऊन पार्सलचा नंबर मोबाइलवर टाकायला लावी.

"बॅगेत भरलं," नौशीन वाचायची. सहा दिवस तेच.

"सहा दिवस बॅगेतच? पाठवलंच नाय गो तिनं."

सातव्या दिवशी मेसेज बदलला. "एक्स्चेंज ऑफिसमधून रवाना."

"एक्स्चेंज? म्हंजे बदललं?"

"नाही हो चाची. परदेशी जाणारं टपाल जिथून निघतं, ते ऑफिस."

कुबराने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. आणि मग मस्कतहून मेसेज आला, "कस्टम्सने राखून ठेवलं."

कुबराने तडक जोहराला फोन लावला. "खरं सांग भाबी, काय भरलंस त्यात?"

"गोधडीच हाय," एवढं बोलून जोहराने फोन ठेवला. आता तर कुबराची खात्रीच पटली.

चौकशी केली तेव्हा मस्कतला या, पार्सल तुमच्यासमोर उघडू, असं उत्तर मिळालं. अलीमियाँने दुकान बंद ठेवून गाडी काढली.

"राखलं म्हणजे फक्त तपासायचं बाकी होतं," काउंटरवरचा माणूस हिंदीत म्हणाला आणि त्याने पार्सलच्या कापडाची शिवण उसवली. गोधडी अम्माचीच होती. कोपऱ्यात कुबराच्या लहानपणच्या झग्याचा तुकडासुद्धा होता. घडीत मात्र दोन बाटल्या निघाल्या.

"फॉर्मवर या बाटल्यांचं नाव नाही. काय आहे हे?"

कुबराने झाकण उघडून वास घेतला. निरगुडीचं तेल. अम्मा गुडघ्यांसाठी कढवायची ते.

बाटलीवर ना लेबल, ना कशाचं नाव. तेल तिथेच राहिलं, गोधडी मिळाली.

गाडीत बसल्याबसल्या तिने जोहराला सगळं सांगितलं.

"अम्मा शेवटपर्यंत म्हणत होती, कुबराला तेल धाडा," जोहरा म्हणाली. "लिहिलं असतं तर पोस्टात घेतलं नसतं, म्हणून लपवलं."

"मला वाटलं, तू गोधडीच बदललीस."

"ता मला तेव्हाच कळलं. म्हणून तर फोन ठेवला."

माफी मागायची कुबराला सवय नव्हती. "चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली.

पुढच्या सुट्टीत ती गावी गेली, तेव्हा जोहराने नवं तेल कढवून स्वतः तिच्या गुडघ्यांना चोळलं. कढई चुलीवर होती तेवढा वेळ मात्र कुबरा शेजारीच बसून होती, भाबी त्यात काय काय घालते ते बघत.