पाइनची खालची फांदी

बोन्साय वर्षाला बोटभर वाढतं, त्याच्याभोवतीचे किस्से मात्र दर रविवारी वाढतात! मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर आम्ही तिघी जमतो: आम्हाला बोन्साय शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका कांबळे मॅडम, कसबा बावड्याच्या शोभाताई आणि मी.

माझं पाइन लहान, जेमतेम वीतभर. त्याची खालची फांदी उघडी पडली होती. टोकाला चार हिरव्या सुया, बाकी नुसती काडी. मॅडमनी मुदत दिली, "दिवाळीपर्यंत मध्ये कोंब फुटला तर ठेवू. नाहीतर कापायची." सगळ्या झाडाचा तोल त्या एका फांदीवर! माझा जीव टांगणीला.

*

चार दिवस गावाला गेले, झाड शोभाताईंकडे ठेवलं. परत येऊन बघते तर कुंडीत तळं, सुया पिवळ्या!

"अवो, कोंब फुटाय पाणी नको व्हय?" शोभाताई म्हणाल्या. त्यांची घरची उसाची शेती.

मॅडम म्हणाल्या, "ताई, हे कारखान्याला घालायचं नाही!"

*

निचऱ्याला बरी म्हणून आमच्या ह्यांनी शिरोलीच्या फाउंड्रीतून मोल्डिंगची, चिकणमाती मिसळलेली काळी वाळू आणली आणि मला न विचारता कुंडीत वरून पसरली. दोन दिवसांच्या उन्हात तिची वीट झाली.

मॅडमनी चमच्यानं ठोकून पाहिलं. "साहेब, झाड लावलंय की पंपाची बॉडी ओतलीय?"

*

पाइनच्या शेंड्याला मेणबत्तीसारखे सरळ कोंब येतात. वरचे जोमदार कोंब खुडले की झाडाचा जोर खाली वळतो. माझा हातच चालेना. झाडाला म्हटलं, "सॉरी हं."

"अहो, खुडा की!" मॅडम म्हणाल्या. "सकाळपासनं हे सातवं सॉरी!"

*

मग रोज भिंग घेऊन फांदी तपासणं सुरू झालं. एकदा शोभाताई ओरडल्या, "फुटला! फुटला!"

मॅडमनी भिंग लावलं. "ताई, ह्याला पाय आहेत."

*

दिवाळीआधीच्या रविवारी मॅडम कात्री घेऊनच आल्या. मी तोंड फिरवून उभी राहिले. कात्रीचा आवाज येईना. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "या इकडं."

उघड्या फांदीवर मोहरीएवढा हिरवा कोंब!

संध्याकाळी ह्यांनी फाउंड्रीतले तीन मित्र बोलावले. पेढे दिले, गच्चीवर नेलं. चपला काढून, वाकून, तिघांनी पाळीपाळीनं भिंगातून बघितलं.

"दिसला का?" ह्यांनी विचारलं.

"दिसला की!" एक जण कंबर सरळ करत म्हणाला. त्यानं गच्चीभर नजर फिरवली. "आता झाड दाखवा."