सरांची जुनी चिठ्ठी

औषधाच्या दुकानात आज आमच्या लॉ कॉलेजचे सर दिसले. मी त्या कॉलेजात शिपाई होतो. औषध कुठलं घ्यायचं ते आजाऱ्यानं ठरवावं की सरकारनं, यावर सरांनी जन्मभर लिहिलं. त्या कागदांचे गठ्ठे मीच वाहिले.

"डॉक्टरांची चिठ्ठी जुनी आहे, सर. नवी आणा. कायदा आहे," दुकानदार त्यांनाच सांगत होता. सर चिठ्ठीची घडी करून वळले.

मला हसू आलं नाही. माझ्या बायकोसाठी, कमलसाठी, एक नवं औषध होतं, पण त्याला सरकारची मंजुरी नव्हती. ती म्हणायची, "अहो, मरणार मी, मग सही कुणाची पाहिजे?" मी तेच सरांना विचारलं. "प्रश्न अवघड आहे, बाबूराव. लिहितोय." गठ्ठा जाड होत गेला, कमल बारीक होत गेली, मग गेलीच.

आज पायरी उतरताना त्यांचा हात धरला. म्हटलं, "सर, लिहून झालं का? तिला उत्तर द्यायचं राहिलंय."