जागलीवरची झोप

ॲपनं पहिलाच प्रश्न विचारला, 'तुम्ही साधारण किती वाजता झोपता?' आणि सगळा घोळ तिथंच झाला. पण तो कळायला मला बरेच दिवस लागले. तोवर मी त्या घड्याळावर, ते बनवणाऱ्यांवर आणि ते मनगटावर बांधून गावभर मिरवणाऱ्या माझ्या नवऱ्यावर इतकी चिडलेली होते की मी शिकवते त्या शाळेतली पोरंसुद्धा माझ्यापासून चार हात लांब राहत होती.

खरं तर घड्याळ त्याला नको होतं, मला हवं होतं. आलापल्लीला नात्यातलं बारसं आटोपून आम्ही गाडीवर मुलचेऱ्याकडे परत येत होतो. दुपारची वेळ, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना साग. मी मागे बसून कुणाची सून कशी बोलली ते सांगत होते आणि नवरा पुढून हूं हूं करत होता. मग त्याचं हूं बंद झालं. मला वाटलं, कंटाळला असेल. तेवढ्यात गाडी अगदी सावकाश डांबर सोडून खाली उतरली आणि एका झुडपात जाऊन आडवी झाली. माझं कोपर सोलवटलं, त्याचा गुडघा. उठून अंग झाडत तो म्हणाला की ढोर आडवं आलं होतं. त्या रस्त्यावर ढोर सोडा, कोंबडीसुद्धा नव्हती. गाडी चालवता चालवता माझा नवरा झोपला होता, आणि समोरून ट्रक आला असता तर आम्हा दोघांचं तेव्हाच आटोपलं असतं.

एरवी कुणीही डुलकी लागली म्हणून सोडून दिलं असतं. पण मला त्याची झोप माहीत होती. उन्हाळ्यात तो घरी अंगणात झोपतो, तेव्हा शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल असा घोरतो. घोरणाऱ्याचं काही नाही, आमच्याकडे अर्धा गाव घोरतो. याचं घोरणं मधेच थांबतं. नुसता आवाज थांबत नाही, श्वासच थांबतो. मी उठून बसते आणि वाट पाहते. मग पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा तो एकदम श्वास ओढतो, कूस बदलतो आणि पुन्हा घोरायला लागतो. सकाळी सांगितलं तर म्हणतो, तुले सपन पडलं असंल.

गाडी झुडपात गेल्यावर मी ऐकायचंच बंद केलं आणि त्याला ओढत चंद्रपूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, आमच्या भागात नवीन. त्यांनी विचारलं, रात्री झोप होते का? नवरा छाती काढून म्हणाला, होते, रोज जागलीले झोपतो. डॉक्टरांनी मान डोलावली आणि जागली इथून किती लांब आहे, असं विचारलं. त्यांना ते गाव वाटलं होतं. मला हसू आवरेना आणि नवऱ्याला कळेना की हसण्यासारखं काय झालं.

जागल म्हणजे शेताची रात्रीची राखण. धान लोंबीवर आलं की रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, घुसतात आणि एका रात्रीत सगळं तुडवून टाकतात. म्हणून गडी माणूस दिवे लागायच्या आत जेवून, कांबळं आणि डबा घेऊन शेतातल्या मचाणावर जातो, तो उजाडल्यावर परत येतो. घरातून निघताना म्हणायचं वाक्य ठरलेलं आहे, 'जागलीले झोपाले जातो.' माझे वडील म्हणायचे, सासरे म्हणायचे, नवरा म्हणतो. मी लहानपणापासून हे वाक्य ऐकत आले आणि त्यातल्या कुठल्याही शब्दाला कधी अडखळले नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की नागपूरला एक रात्र दवाखान्यात झोपवून तपासणी करावी लागेल. झोपेत श्वास थांबत असेल तर त्यावर इलाज आहे, पण तो दिवसा असा पेंगत राहिला तर रस्त्यावर कधीही घात होईल. नवरा म्हणाला, धान उभं आहे, एक रात्रही शेत सोडता येत नाही. बराच वेळ हो-नाही झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, निदान रात्रभर झोप आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारं एखादं घड्याळ तरी बांधा, त्यावरून पक्कं निदान होत नाही, पण अंदाज येतो. हे नवऱ्याला एकदम पटलं. बाहेर पायऱ्यांवर त्यानं मला शब्द दिला, "घड्याळानं सांगतलं का माही झोप खराब हाय, तर मी नागपूरले जातो. नाई सांगतलं, तर तू पुन्हा नाव नाई काढाचं." मी कबूल झाले. एका घड्याळाच्या भरवशावर मी नवऱ्याचा जीव पणाला लावून बसले.

मग खरेदीचं झेंगट सुरू झालं. मुलचेऱ्यातल्या मोबाईलच्या दुकानात घड्याळांची रांग होती. दुकानदारानं प्रत्येकाचं कौतुक केलं. हे क्रिकेटचा स्कोअर दाखवते, याच्यावर फोन येते, याच्यात गाणे वाजते. झोप मोजतं का विचारलं की म्हणायचा, सगळंच मोजते बाई. कसं मोजतं विचारलं की दुसरं घड्याळ काढायचा. भाच्यानं नागपूरहून फोनवर सांगितलं की घड्याळ जुनं झालं, आता अंगठी घ्यायची, ती जास्त बरोबर मोजते. धान कापणाऱ्या, चिखलात हात घालणाऱ्या माणसाच्या बोटात अंगठी? विळा अडकला तर झोप राहील बाजूला, बोट मोजायला जावं लागेल. एका कंपनीचं घड्याळ चांगलं वाटलं, तर त्याची अर्धी माहिती दर महिन्याला पैसे भरल्याशिवाय दिसत नव्हती. दुसरं रोज चार्ज करावं लागत होतं, आणि आमची लाइट तर तिच्या मर्जीनं येते. तिसऱ्याच्या खाली लोकांनी लिहिलेली मतं वाचत बसले, तर एक म्हणे जीव वाचला आणि दुसरा म्हणे खोकं रिकामं आलं.

शेवटी माझ्यासोबत शिकवणाऱ्या बंगाली बाईंनी सोडवलं. त्या बाजूच्याच बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातल्या, त्यांचे यजमान मनगटावर झोप मोजणारा पट्टा बांधतात. त्या म्हणाल्या, दिदी, साधा पट्टा घ्या, आठवडाभर चार्जिंग टिकतं, ऑक्सिजन पण मोजतो, आणि नेटवर्क नसलं तरी चालतं, घरी आल्यावर मोबाईलशी जोडायचं. तेवढं एकच बोलणं सरळ होतं, म्हणून तोच मागवला. आमच्या गावापर्यंत पोचवत नव्हते, चंद्रपूरच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवून एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकरवी आणला.

ॲप उघडलं. मराठी नव्हतंच, हिंदी होतं, तेही कुणीतरी झोपेत लिहिल्यासारखं. वय, वजन, उंची भरली. मग तो प्रश्न आला, किती वाजता झोपता आणि किती वाजता उठता. मी विचारसुद्धा केला नाही. जागलीले झोपाले जातो ती वेळ भरली, आणि उजाडल्यावर परत येतो ती भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा चिखलाचे पाय घेऊन थेट माझ्यासमोर आला आणि मोबाईल उघडायला लावला. झोपेचे गुण भरघोस. गाढ झोप भरपूर. ऑक्सिजन एकदम उत्तम. खाली चांदण्यांचं एक पदक आणि 'शाबाश'. तिसऱ्या दिवशीही शाबाश, पुढच्या आठवड्यातही शाबाश. माझा नवरा, जो बैठकीत बसल्या बसल्या मान टाकतो, जो पंगतीत भात वाढेपर्यंत पेंगतो, त्याची झोप म्हणे ॲप वापरणाऱ्या बहुतेक लोकांपेक्षा चांगली होती. चहाच्या टपरीवर तो मनगट पुढे करून सगळ्यांना दाखवायचा. मला म्हणायचा, "आता बोल." आणि मी काय बोलणार? शब्द दिलेला. मला ते घड्याळ उखळात घालून कांडावंसं वाटायचं.

एका रविवारी दुपारी तो जेवून ओसरीत खाटेवर आडवा झाला. मी बाजूला बसून तूर निवडत होते. थोड्या वेळात घोरणं सुरू झालं, आणि मग थांबलं. माझ्या हातातली तूर हातातच राहिली. हात झटकून त्यानं श्वास ओढला, पुन्हा घोरायला लागला, पुन्हा थांबला. भर उजेडात मी हे पाहत होते आणि त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. मनात म्हटलं, आता सापडलास. तो उठल्यावर मोबाईल उघडला, तर दुपारची जागा कोरी. ॲपच्या मते हा माणूस दुपारी झोपलाच नव्हता. खाली तेवढं लिहिलं होतं की झोपण्याची वेळ व्हायला अजून अवकाश आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी त्याला विचारलं की मचाणावर रात्रभर नेमकं काय करता. तो म्हणाला, काय करतो म्हणजे, निपचित पडून राहतो, हललं की गवत वाजते, डुक्कर सावध होते, मग ते दुसऱ्या बांधीतून शिरते.

"मंग झोपता कवा?" मी विचारलं.

"तिथी कोनी झोपाले जाते का?"

"तुमीच तं रोज सांगून जाता, जागलीले झोपाले जातो म्हनून."

"तसं म्हनतेत," तो म्हणाला.

तसं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तसं म्हणतात, आणि मी शिकलेली बाई तेच घड्याळाला सांगून मोकळी झाले. रात्रभर न हलता कान देऊन पडलेला माणूस त्या पट्ट्याला गाढ झोपलेला वाटत होता. जागा होता म्हणून श्वास नीट होता, म्हणून ऑक्सिजनही उत्तम. आणि खरी झोप तो दुपारी झोपत होता, तेव्हा घड्याळाची सुट्टी असायची.

मी ॲपमध्ये झोपायची वेळ बदलून दुपारची केली. ॲपनं दोनदा विचारलं, नक्की का? मी दोनदा नक्की म्हटलं. दुसऱ्याच दुपारी गुण धाडकन खाली आले, ऑक्सिजनची रेघ खड्ड्यात गेली आणि शाबाशीच्या जागी डॉक्टरांना भेटण्याची सूचना आली. मी मोबाईल नेऊन नवऱ्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, दिलेला शब्द पाळा.

त्यानं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "दुपारी मी कुठी झोपतो? दुपारी तं नुसता डोळा लागते."

मी हात जोडले. रात्री जागतो त्याला म्हणायचं झोप, आणि दुपारी झोपतो ती झोप नाहीच. कबूल झालं होतं झोपेचं, डोळा लागण्याचं नाही. आणि तो हे मस्करीत बोलत नव्हता, मनापासून बोलत होता. दिवसाढवळ्या झोपतो असं कुठलाही शेतकरी स्वतःच्या तोंडानं कबूल करणार नाही, तो आडवा पडतो, पाठ टेकतो, त्याचा डोळा लागतो. मी संतापानं रडले. तो घाबरून पाणी घेऊन आला, पण नागपूरचं नाव काढेना.

आता घड्याळावर भरवसा नव्हता आणि माणसावरही नव्हता. पुढच्या दुपारी त्याचा तो डोळा लागल्यावर मी माझा मोबाईल उशाशी ठेवला आणि आवाज भरून घेतला. कुठलं ॲप नाही, काही नाही. फोनमध्ये आधीपासून असतं तेच. उठल्यावर चहा दिला आणि काही न सांगता ते लावलं.

आधी तो हसला, कोन हाय हा, म्हणाला. मग घोरणं थांबलं, आणि तोही चहा पिता पिता थांबला. माझा नवरा आवाजांचा माणूस आहे, पान हललं तरी कशानं हललं ते सांगतो. तो कान देऊन बसला. फोनमधून आमच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता, लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालत होता, आणि श्वास येत नव्हता. त्याची मान पुढे झाली. "हा मानूस श्वास काऊन नाई घेऊन राह्यला?" तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढे करून फोनच हलवला, झोपलेल्याचा खांदा हलवावा तसा. तेवढ्यात आतला माणूस धापकन श्वास घेऊन वर आला.

त्यानं कप खाली ठेवला. "तू रोज हे आयकतेस?"

"उनाळ्यात रोज कानावर येते. आता जागलीवर तुमचा डोळा लागला तं कोन आयकते?"

त्यानं पुन्हा एकदा लावायला सांगितलं, तेही शेवटपर्यंत ऐकलं. मग मनगटावरचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि नागपूरला कधी जायचं ते विचारून घे म्हणाला. धानाचं नाव काढलं नाही. बाजूच्या शेतवाल्याला दोन रात्री आमच्या बांधीवर नजर ठेवायला सांगतो, एवढंच म्हणाला.

दिवस कलायला लागल्यावर नेहमीप्रमाणे जेवून त्यानं कांबळं खांद्यावर टाकलं, डबा घेतला. मी दारात उभी होते. "येतो," तो म्हणाला, "जागलीले जातो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्यात झोपाले म्हटलं नाही.