दोन खणांचा ओटा

दीपमालाला मी पहिल्यांदा पाहिलं ते टेम्पोच्या हौद्यात, झेंडूच्या गोण्यांवर बसलेली. लग्न होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. तिचा नवरा नवनाथ टेम्पो चालवायचा, गावोगावची फुलं गोळा करून पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात आणायचा. हातातला हिरवा चुडा सांभाळत तिनं हौद्यातून उडी मारली, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "खालच्या गोणीतलं फूल दबलंय. उद्यापासून रचायला मी येते." मी आयुष्यभर रंगमंचावर प्रवेश घेतले, पण असा प्रवेश मला कुणी लिहून दिला नाही.

द्वारकेच्या मागच्या बाजूला आमची श्रमसाफल्य वसाहत होती. बैठ्या खोल्यांच्या ओळी, वर पत्रे, प्रत्येक खोलीपुढे ओटा. त्यातली एक खोली माझी. जत्रांच्या हंगामात सटाणा, कळवणकडची हौशी मंडळं नाटकं बसवायची आणि स्त्रीपात्र नाशिकहून बोलवायची. ते स्त्रीपात्र म्हणजे मी. हंगाम संपला की तोंडावरचा रंग पुसून या खोलीत परत यायचं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मी कायमची वसाहतीची झाले.

दीपमालाची खोली ओळीच्या टोकाला, नळाशेजारी. तिचा ओटा इतरांपेक्षा रुंद होता. सुरुवातीला ती एकटीच हार ओवायची. मग शेजारची आली, मग समोरची, मग बौद्ध विहाराच्या ओळीतल्या दोघी. काही वर्षांत पहाटे त्या ओट्यावर बायकांची बैठकच भरू लागली. द्वारकेवरून मुंबईला किंवा आग्र्याकडे निघालेल्या ट्रकच्या कपाळावर झेंडूचा हार दिसला, तर तो बहुतेक आमच्या ओट्यावरचा असायचा. एकीनं त्यातून मुलीला नर्सिंगला घातलं, दुसरीनं दारुड्या नवऱ्याला घराबाहेर काढलं. दीपमाला सगळ्यांना एकच सांगायची, "हात चालू ठेवा, तोंडही चालू ठेवा. कुठलंच थांबलं की झोप येते."

नव्वदचं दशक सरता सरता वसाहतीच्या भिंती पावसाळ्यात फुगून यायला लागल्या. एका घराचं छप्पर बसलं. नशिबानं घरात कोणी नव्हतं. सगळं पाडून नवं बांधायचं ठरलं. मोकळ्या जागेत एक जादा इमारत उभी करायची, ती बाहेरच्यांना विकायची आणि त्यातून आमची घरं व्हायची. सोसायटीचे सेक्रेटरी होते गोटीरामनाना, निवृत्त कारकून. माणूस सरळ, पण शिस्तीचा. झोपेतही सभेची मिनिटं लिहीत असावेत. त्यांनी आर्किटेक्ट आणला समर्थ नावाचा, तरुण आणि मनापासून काम करणारा. रहिवाशांना विचारल्याशिवाय आराखडा पक्का करायचा नाही, ही अट त्यानं स्वतःहूनच घातली होती.

विचारण्यासाठी सभा बोलावली. समर्थनं थर्माकोलची इमारत करून आणली होती, खिडक्यांना निळा कागद, आवारात स्पंजची झाडं. आमची माणसं तिच्याभोवती अशी उभी राहिली, जशी गणपतीत आरास बघायला राहतात.

"लय ग्वाड झालंय," आक्काबाई म्हणाली. ती वसाहतीतली सगळ्यांत वयस्कर. "आत दिवा लावला तर आजून शोभंल."

"झाडं कशाची केली हो?" कुणीतरी विचारलं.

आराखडा पसंत आहे का, असं नानांनी विचारल्यावर सगळे हात वर. आरास चांगली झाली होती, नाही कशाला म्हणायचं? दीपमालानं मात्र वाकून इमारतीच्या पायाशी बघितलं.

"साहेब, खाली हे नुसते खांबच आहेत. इथं काय?"

"पार्किंग," समर्थ म्हणाला. "घरं पहिल्या मजल्यापासून वर."

"मग आम्ही बसायचं कुठं?"

"आता काय बसतेस?" नाना हसत म्हणाले. "फ्लॅटवाली होणार तू. फुलांचा कचरा, ओल, डास, संपलं एकदाचं."

"फ्लॅटात गॅस पेटवावा लागतो ना, नाना? मग फुलं ओवावीच लागतील."

लोक हसले आणि सभा संपली. पण ती रात्री माझ्याकडे आली तेव्हा हसत नव्हती. ओल्या गोण्या तिसऱ्या मजल्यावर चढणार नाहीत, बंद खोलीत फूल तासाभरात काळं पडतं आणि बायका पांगल्या की पुन्हा जमत नाहीत. ओटा गेला की धंदाच गेला.

"मावशी, तुम्हाला नकाशा कळतो?"

मी म्हटलं, "नाही गं. पण कुणालाच कळलेला नाही. जत्रेत नाटक असलं की आम्ही मैदानात चुन्याच्या फक्कीनं आखून घ्यायचो. हा दरवाजा, हा पलंग, इथून राजा येणार. मग त्यात चालून बघायचं. नाहीतर ऐन वेळी राजा भिंतीतून यायचा."

दुसऱ्या दिवशी ती समर्थला भेटली. त्याला तर हवंच होतं. एवढे हात इतक्या झटकन वर गेले, त्यामुळे तोच बेचैन झाला होता. रविवारी सकाळी कबड्डी मंडळाकडून फक्कीची पोती आली. समर्थनं टेप धरला, पोरांनी दोरी ताणली आणि मैदानात एका नव्या फ्लॅटचा खराखुरा आकार उमटला.

आणि सगळं उलटलं.

"एवढंसं?" कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणायला लागले. उघड्या आकाशाखाली आखलेली खोली काडेपेटीएवढी दिसते. रंगमंचावरच्या माणसाला हे माहीत असतं, भिंती उभ्या राहिल्या की तीच जागा मोठी होते. मी सांगायला गेले, पण माझ्या आवाजात आता मागच्या रांगेपर्यंत पोचायची ताकद राहिली नव्हती. नाना तर तापलेच.

"समर्थ, ही फसवणूक आहे. रद्द करा. पत्र्याखाली राहू, पण या खुराड्यात नाही."

"रद्द," चारपाच जणांनी री ओढली.

मी दीपमालाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. ओटा मिळवायला निघाली आणि घरंच घालवून बसली. "आते काय?" ती स्वतःशीच अहिराणीत पुटपुटली. ती सटाण्याकडची, फार घाबरली किंवा फार चिडली की माहेरच्या बोलीत शिरायची. मग तिनं पोरांच्या हातातली दोरी घेतली.

"साहेब, शेजारीच आणखी एक खोली आखा. आमची आत्ताची."

"कुणाची?"

"नानांचीच घ्या. सेक्रेटरींची आहे, मापात खोट नसणार."

टेप घेऊन सगळी वरात नानांच्या घरात शिरली. माप आलं, दोरी ताणली, फक्की पडली. नाना स्वतःच्या खोलीच्या रेघांत जाऊन उभे राहिले. आधी या भिंतीकडे बघितलं, मग त्या.

"माझी खोली एवढीच?"

"तीस वर्षं हेच सांगतेय तुम्हाला," त्यांची बायको म्हणाली.

मैदानात असा हशा पिकला की माझ्या कारकिर्दीतल्या कुठल्याही विनोदी प्रवेशाला पिकला नसेल. नानाही हसले. मग हळूहळू लोक नव्या रेघांत शिरले. कुणी बाज आणून टाकली, कुणी कपाट कुठं मावेल ते पावलांनी मोजलं. मोरीचं दार उघडलं की स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटतं, हे दोन सुनांनी भांडून दाखवलं. समर्थनं तिथल्या तिथं रेघ पुसून दार फिरवलं. सभेत हात वर करणारी माणसं आज वाद घालत होती, आणि तो खुशीत होता.

दुपारी उन्हं कलल्यावर त्यानं तळमजला आखला. खांबांच्या जागी विटा ठेवल्या, गाड्यांच्या जागांना रेघा मारल्या. तेवढ्यात नवनाथचा टेम्पो आला; सोमवारच्या मागणीसाठी रविवारी तो दुपारचाही एक फेरा करायचा. दीपमालानं गोण्या उतरवल्या त्या थेट गाड्यांच्या रेघांत. बायका गोण्यांभोवती बसल्या आणि हार सुरू झाले. हे नाटक नव्हतं. सोमवारचा माल खरोखरच द्यायचा होता.

नाना घरी गेले आणि आपली स्कूटर ढकलत घेऊन आले.

"उठा. ही माझ्या गाडीची जागा."

"लावा की नाना, अजून पुष्कळ आहे. वसाहतीतल्या सगळ्यांच्या गाड्या आणा."

नानांची स्कूटर, नवनाथचा टेम्पो आणि एक मोपेड. बाकी रेघा रिकाम्या.

"आज नाहीत, उद्या येतील," नाना म्हणाले. "माझा राज पुण्यात नोकरीला लागलाय. उद्या गाडी घेऊन आला तर रस्त्यावर लावायची? पोरं पुढं जाणार, तू त्यांना मागं ओढतेस."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दीपमालालाही ते कळत होतं. हातातली सुई न थांबवता ती म्हणाली, "येऊ दे राजला. मला सगळं नको. नळाकडच्या कोपऱ्यातले खांबांमधले दोन खण द्या. उंच ओटा, वर पंखा, पाणी जायला उतार. ऊन चढायच्या आत आम्ही धुऊन देऊ. मग दिवसभर तो सगळ्यांचा."

"सगळ्यांना काय करायचाय ओटा?"

बाजेवर बसलेली आक्काबाई म्हणाली, "गोटीराम, मी मेले तर मला ठिवणार कुठं?"

तिनं बोट स्कूटरकडे रोखलं.

"आजपतुर ह्या वसाहतीत जो गेला त्याला आपल्या ओट्यावर ठिवलं. तुज्या आईलाबी. आता काय जिन्यात ठिवणार, का स्कूटरीमधी? अन् हळद कुठं लागंल? जयंतीला पोरं कुठं बसतील? घर झाकपाक हाय, पर अंगण कुठं हाय?"

समर्थ कागद खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. हे त्याच्या कुठल्याच आराखड्यात नव्हतं आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यानं केला नाही.

नाना स्कूटरला टेकून उभे होते. त्यांच्या आईला ओट्यावर ठेवलं त्या सकाळी हार दीपमालानंच ओवले होते, हे मला आठवत होतं. त्यांना माझ्याहून जास्त आठवत असणार. त्यांनी स्कूटर मागे घेतली, नळाकडच्या कोपऱ्यात गेले आणि गाड्यांची रेघ चपलेनं पुसली. एका खणाची, मग दुसऱ्याची.

"दोन," ते म्हणाले. "अडीच नाही."

"दोनच, नाना," दीपमाला म्हणाली. मग तिनं मान खाली घालून पुढचं फूल सुईत घातलं.

बांधकामाला तीन पावसाळे लागले. सोडतीत दीपमालाला वरचा मजला मिळाला; तिनं हूं की चूं केलं नाही. पण ओट्याच्या बाबतीत तिनं कुणाचं ऐकलं नाही. कंत्राटदार गुळगुळीत टाइल्स बसवायला निघाला, तर तिनं त्याला थांबवून खडबडीत शहाबादी फरशी घालायला लावली. गवंडी म्हणाला, "बाई, हे चांगलं दिसत नाही." ती म्हणाली, "चांगलं दिसायला ट्रकवरचे हार आहेत. इथं बायका घसरू नयेत."

पहिल्या सकाळी आम्ही सगळ्या खाली जमलो. तिनं बादलीभर पाणी आणलं आणि ओट्याच्या वरच्या टोकाला ओतलं. पाणी पसरलं, क्षणभर घुटमळलं, मग एका बाजूनं वळून सरळ नाल्याला लागलं. ओटा कोरडा होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं गोणीचं तोंड सोडलं.

"बसा गं," ती म्हणाली. "उजाडायला आलं."