दीड वीत चढण, सव्वाशे किलोमीटर

१. सातारा, सकाळी सात दहा: आबा स्वतःच्या हातांवर भार देऊन व्हीलचेअरवरून गाडीच्या सीटवर सरकले.
२. उंब्रज: हॉटेलची एक पायरी, १२ सेंटिमीटर. पहिल्यांदा अडले, दुसऱ्यांदा चढले.
३. सांगली: दोन पायऱ्या, ३६ सेंटिमीटर. आबा घरात गेले. कुणी उचललं नाही.

तिसऱ्या ओळीसाठी हा सगळा प्रवास.

आबा म्हणजे माझे वडील, निवृत्त हवालदार. त्यांच्याच पलटणीतले तुकाराम काका सांगलीत राहतात. काकांचे गुडघे गेलेत, त्यामुळे भेटायचं तर आबांनीच जायचं. गेल्या वर्षी गल्लीतल्या चौघांनी मायेनं आबांना खुर्चीसकट उचलून आत नेऊन ठेवलं. परतताना आबा म्हणाले, "आता पुन्यांदा न्हाई जायाचं." मग वर्षभर काका फोन करत राहिले आणि आबा विषय बदलत राहिले.

मी कारखान्यात डिझाइनचं काम करते. काकांना फोनवर पायऱ्यांची उंची विचारली. "दोन्ही मिळून दीड वीत." आबांची वीत मोजली, २० सेंटिमीटर. म्हणजे उंची ३०. एकास बारा उतार धरून ३.६ मीटरचा रॅम्प केला: ॲल्युमिनियमचे तीन तुकडे, मागची सीट पाडली की गाडीत मावतात.

उंब्रजला एकच तुकडा टाकला. उतार एकास दहा, जरा खडाच. लगेच हॉटेलातले दोघं धावले. "आवं आबा, कशाला तरास? उचलतो की आमी!"

"मी काय उसाची मोळी हाय व्हय?"

आबा अर्ध्यात थांबले आणि खुर्ची मागे आली. दुसऱ्यांदा पुढे वाकून, न थांबता गेले. मिसळ चांगली होती. स्वच्छतागृहाचं दार मात्र ६१ सेंटिमीटर आणि खुर्ची ६३. पुढे पेठ नाक्यावर डावीकडे वळायचं. रस्त्याचं काम चालू आहे, अर्धा तास जास्त धरा.

सांगलीत रॅम्प जोडला आणि कोन मोजला. ५.७ अंश. यायला हवा होता ४.८. टेप लावली: उंची ३६. चौकट धरून उभ्या असलेल्या काकांची वीत मोजली. २४. वीत कुणाची, हे मी विचारलंच नव्हतं.

"तुक्या, हात हाय का फावडं?" आबा म्हणाले.

"ह्याच फावड्यानं तुझं खंदक खणलं, इसरलास व्हय रं?"

उतार पुन्हा एकास दहा, पण लांबी तिप्पट. आबांनी बाह्या वर केल्या. शेजारचे पुढे सरकले तसे काका दारातून ओरडले, "कुनी हात लावायचा न्हाई!"

मी मागे उभी होते. माझे हात खुर्चीपासून चार बोटं लांब होते. दोन्ही जोडांवर चाकांचा आवाज झाला. आबा पुढे वाकलेले होते आणि थांबले नाहीत.

"आलास?" काका म्हणाले.

"आलो की."

नंतर दोघं दुपारभर बोलत बसले. मी बोल्ट तपासले. सैल एकही नव्हता.

घरी आल्यावर रॅम्पचे तुकडे उतरवायला लागले, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गाडीत. शनवारी यतो म्हणून सांगितलंय तुक्याला."

तर विनंती अशी: सातारा ते सांगली या रस्त्यावर किमान ८० सेंटिमीटर दाराचं स्वच्छतागृह कुणाला माहीत असेल, तर दार प्रत्यक्ष टेपनं मोजून खाली लिहा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे. शनिवारी सात दहाला आम्ही निघतो.