हळद कुठे लागली

मंगळवार. हजर: सेनगाव तालुक्यातल्या एकोणीस आशाताई, पाच नर्सबाई, आरोग्य सहायिका म्हणून मी, आणि प्रशिक्षक साहेब. विषय: साथ आली तर काय करायचं. गैरहजर: आपा. त्यांचं नाव आता हजेरीपटावर येतच नाही.

आपा साखऱ्याकडच्या एका उपकेंद्रात कंत्राटी नर्स होत्या. कुठलंही प्रशिक्षण असो, मागच्या बाकावरून त्यांचा हात वर यायचा. "साहेब, बराबर हाय. पन करून दाखवा."

तीन वर्षांपूर्वी याच साहेबांनी संरक्षक पोशाख कसा घालायचा-काढायचा ते पडद्यावर शिकवलं. आपा म्हणाल्या, "तुमी घालून दाखवा की."

"चित्रात सगळं आहे, बाई."

"चित्रातल्या मान्साला खाज सुटत न्हाई, साहेब."

आपांची रीत वेगळी होती. पोशाख घातलेल्या बाईच्या हातमोज्यांना त्या कालवलेली हळद फासायच्या आणि म्हणायच्या, "आता काढ." काढल्यावर अंगावर जिथे पिवळं, तिथे रोग. पहिल्यांदा माझी हनुवटी पिवळी झाली. "मेलीस की गं बाई," म्हणत त्यांनीच ती पदराने पुसली.

त्या दिवशी त्यांनी हळदीची पुडी पुढे केली, तर साहेब म्हणाले, "हळदी समारंभ घरी करा." हॉल हसला. मीही हसले.

तुम्हीही अशा प्रशिक्षणांना बसला असाल, तर अभिप्रायाचा कागद कधी भरतात ते ठाऊक असेल. प्रशिक्षण संपायच्या आधी, जेवणाच्या कूपनासाठी. सगळ्यांनी 'उत्कृष्ट'वर खूण केली. आपांनी लिहिलं, 'कुणाकडून काही करून घेतलं नाही. प्रशिक्षण झालं नाही.' आणि कूपन न घेता बाहेर जाऊन आपल्या भाकरीचं फडकं सोडलं.

साहेबांनी त्यांच्या फाइलवर शेरा मारला: 'शिस्त नाही, सहकार्य नाही.' पुढच्या वर्षी आपांची नेमणूक झाली नाही.

यंदा प्रशिक्षणाचा दर्जा तपासायला मला नेमलं. पिशवीत तपासणी-यादी, दोन पेनं, पावशेर हळद.

"साहेब, घालून दाखवा," मी म्हणाले. मग त्यांच्या हातमोज्यांना हळद फासली. "आता काढा."

हनुवटी. डावा कान. चष्मा. शर्टाची कॉलर. एकेक जागा मी मोठ्याने वाचली आणि लिहिली. घाई केली नाही. मागून एक आशाताई म्हणाली, "नवरदेव तयार हाय, वरात काहून थांबली?" साहेब रुमाल शोधत होते. माझ्याकडे दोन होते. दिला नाही.

निष्कर्ष: प्रशिक्षक अनुत्तीर्ण. शिफारस: फेरप्रशिक्षण, पहिल्या बाकावर बसवून. मला बरं वाटलं. का लपवू?

एक काम राहिलं आहे. आपा आता हिंगोलीला लेकीकडे असतात. एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. त्यांच्या फाइलमधल्या त्या शेऱ्याखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे, हे त्यांना अजून सांगायचं आहे.