न खेळता मारलेला शिक्का

कपाट आवरताना मुलीच्या व्हिडिओ गेमचा जुना कंट्रोलर हाताला लागला आणि बनशंकरीच्या या घरातली रविवारची एक दुपार आठवली. तिचा गेम कधी न खेळताच मी ‘नुसती मारामारी’ म्हणून मोकळा झालो होतो. ती म्हणाली, “बाबा, कारखान्यात तुम्ही पार्ट न तपासता शिक्का मारता का?” इन्स्पेक्शनमधला माणूस मी, दुसरा कंट्रोलर घेऊन तिच्या शेजारी बसलो. गेममधल्या नदीत मी सारखा बुडायचो आणि दर वेळी ती मागे फिरून मला काठावर ओढायची. “स्वल्प थांबा, माझ्यामागून या,” ती इथल्या कानडी वळणानं म्हणायची. तासाभरात मारामारी एकदाच झाली, तीही मला वाचवताना. परवा तिनं फोनवर लग्न ठरवल्याचं सांगितलं; मुलगा आपल्यातला नाही. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, “त्याला घरी आण, आधी भेटू दे.” उद्या येतायत दोघं, म्हणून तर ही आवराआवर.